सिक्स बाय सिक्स, तरी सुई ओवेना

रुग्ण पुरुष, वय 46, धंदा टेलरिंगचा. तालुक्याच्या बाजारपेठेत स्वतःचं दुकान, दोन मशिनी, हाताखाली एक पोऱ्या. डायबेटिस नाही, बीपी नाही, तंबाखू सुटून बरीच वर्षं झालेली. तक्रार त्यांच्याच शब्दांत: "डॉक्टर, सुई ओवत नाही." (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

चाळिशी उलटलेला शिंपी सुई ओवत नाही म्हणाला की डोळ्यांच्या डॉक्टरचा हात आपसूक जवळच्या नंबराच्या भिंगांकडे जातो. या गृहस्थांनी वर्षभरात दोनदा चष्मा बदलला होता आणि दोन्ही चष्म्यांचे नंबर बरोबर होते. दूरचं दोन्ही डोळ्यांनी 6/6. जवळच्या तक्त्यावरची बारीक ओळ न अडखळता वाचली. डोळ्यांचा दाब 14 आणि 15, मोतीबिंदू नाही. केसपेपर पाहिला तर माणूस ठणठणीत.

म्हणून विचारलं, मास्तर, नक्की काय होतं ते सुई हातात धरून सांगा.

"नेढं दिसतं. दोरा पण दिसतो. नेढ्यावर नजर लावली की पलीकडचं बोट जातं."

"जातं म्हणजे? अंधूक होतं?"

"नाही हो. नसतंच. दोरा आरपार गेला तरी त्याचं टोक मला गावत नाही. पोऱ्या म्हणतो, ओढा की मास्तर, ओवलाय."

हे वाक्य मी कागदावर जसंच्या तसं लिहून घेतलं. चाळिशीच्या डोळ्याला जवळचं पुसट दिसतं. जे बघतोय ते लख्ख आणि त्याच्या मागचं मात्र नाहीसं, असं चाळिशीत होत नाही. मोतीबिंदूतही नाही.

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला बराच वेळ काहीतरी सांगायचं होतं. "अहो, ते टेपचं सांगा ना." मग टेपचं निघालं. मापाच्या टेपवर कधी एकच आकडा दोनदा दिसायचा, कधी मधला एखादा अंक गडप व्हायचा. जूनमध्ये शाळेच्या गणवेशांची गर्दी असताना दोन पँटी आखूड झाल्या आणि कापड भरून द्यावं लागलं. "आणि ह्यांचे खांदे बघा डॉक्टर, दोन्हीकडं चौकट लागून लागून काळेनिळे झालेत." बाजारात ओळखीची माणसं बाजूनं हात करून जातात, हे ओळख देत नाहीत, म्हणून मास्तरांना शिष्टपणा आलाय अशी चर्चा होती. मोटारसायकलचं हँडल एकदा हातगाडीला घासलं होतं.

यातला "दोन्हीकडं" हा शब्द मला महत्त्वाचा वाटला.

काय असू शकलं असतं

बाजूचं दिसेनासं करणारे आजार बरेच आहेत आणि प्रत्येकाची चाल निराळी. काचबिंदू हा त्यातला सगळ्यात चोरटा: दुखत नाही, लाल होत नाही, वर्षानुवर्षं कडेनं कुरतडत येतो. इथे दाब ठीक होता. तेवढ्यावर काचबिंदू निकालात निघत नाही, कारण दाब नेहमीच्या हद्दीत असूनही तो होतो, पण डोळ्याच्या नसेच्या मुखाशी काचबिंदूत पडते तशी खोलगट वाटी नव्हती. डोळ्यातल्या पडद्याचा आनुवंशिक आजार असेल तर रातांधळेपणा आधी येतो. रात्रीचं दिसण्याबद्दल मास्तरांची तक्रार नव्हती आणि बाहुली मोठी करून पाहिलं तर पडद्यावर काळे डागही नव्हते. मेंदूच्या मागच्या भागात पक्षाघात झाला तर दोन्ही डोळ्यांची एकच बाजू जाते, समजा डावी. असा माणूस डावीकडेच धडकतो, आणि हे सारं एका दिवसात घडतं. मास्तर दोन्हीकडे धडकत होते आणि कधीपासून ते त्यांना सांगता येत नव्हतं.

अर्धशिशीतही विचित्र दिसतं, बघणाऱ्याला घाबरवण्याइतकं विचित्र. मधोमध एक ठिपका, त्याच्याभोवती नागमोडी चमचमती रेघ, ती पसरत पसरत कडेला जाते आणि वीस मिनिटं-अर्ध्या तासात विरते, मग बहुतेकांचं डोकं ठणकतं. डोळे मिटले तरी ती रेघ दिसत राहते, कारण ती डोळ्यात नसून मेंदूत असते. ती येते आणि जाते. मास्तरांचं गेलेलं परत येत नव्हतं.

एक गोष्ट इथे आडवाटेची असली तरी सांगून टाकतो. एका डोळ्यात अचानक विजा चमकल्यासारखं होणं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडणं, एका कडेनं पडदा सरकत येणं यांपैकी काहीही झालं तर तो डोळ्यातला पडदा फाटण्याचा किंवा सुटण्याचा प्रकार असू शकतो. तिथे उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं.

बोटांची तपासणी

या तपासणीला पैसे लागत नाहीत आणि ती गर्दीच्या ओपीडीत सगळ्यात आधी गळते. रुग्णाच्या समोर हातभर अंतरावर बसायचं. त्यानं डावा डोळा झाकायचा, आपण आपला उजवा. त्यानं आपल्या उघड्या डोळ्यात बघत राहायचं, नजर हलवायची नाही. मग आपण दोघांच्या मधोमध बाहेरून आत बोट आणत विचारायचं, दिसलं का? आपल्याला दिसतं तेव्हाच त्यालाही दिसायला हवं.

मास्तरांनी उजव्या डोळ्यानं कानाच्या बाजूनं येणारं माझं बोट जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत टिपलं नाही. डाव्या डोळ्याची तीच कथा, फक्त त्याच्या खालच्या भागात थोडं दिसत होतं. मग लाल टोपण घेतलं. नाकाच्या बाजूला ते "कुंकवासारखं लाल", मधली रेघ ओलांडून कानाच्या बाजूला नेलं की "मातकट". रंग उडणं हे नसेवर दाब असल्याचं लवकर कळणारं लक्षण आहे. पांढरं बोट दिसत असतानाही लाल रंग फिका पडलेला असतो.

नंतर दोन्ही डोळे उघडे ठेवून तीच तपासणी केली. आता बोट बऱ्यापैकी दिसत होतं. मास्तरांच्या बायकोचा चेहरा उजळला. मला मात्र एव्हाना कुठे शोधायचं ते कळलं होतं.

दोन अर्धे डोळे

एका डोळ्याला समोर बघताना नाकाकडे साधारण 60 अंश, वर तितकंच, खाली 70च्या पुढे आणि कानाकडे 90 अंशांहून थोडं जास्त दिसतं. कानाकडून येणारा प्रकाश डोळ्यातल्या पडद्याच्या नाकाकडच्या अर्ध्या भागावर पडतो. त्या भागातून निघालेले तंतू मेंदूच्या तळाशी मधोमध एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात. नाकाकडचं दृश्य टिपणारे तंतू न ओलांडता आपापल्या बाजूनं पुढे जातात. म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूंचा सगळा कारभार त्या एका मधल्या चौकातून चालतो. चौकाच्या खाली सेंटीमीटरभर अंतरावर, हाडाच्या खोबणीत, हरभऱ्याच्या दाण्याएवढी, शरीरातल्या बऱ्याच हॉर्मोनांवर हुकूम चालवणारी पिट्युटरी ग्रंथी असते. ती गाठ धरून वर वाढली की पहिला धक्का ओलांडणाऱ्या तंतूंना बसतो आणि दोन्ही डोळ्यांची बाहेरची अर्धी बाजू जाते. खालून दाब येतो म्हणून आधी वरचा कोपरा जातो, मग खालचा. डाव्या डोळ्यात खाली थोडं शिल्लक होतं ते यामुळे.

मग दोन्ही डोळे उघडल्यावर बरं कसं दिसत होतं? उजव्या डोळ्याची नाकाकडची बाजू म्हणजे समोरच्या जगाची डावी बाजू, आणि डाव्याची नाकाकडची म्हणजे उजवी. दोन अर्धे जोडले की जवळपास पूर्ण चित्र तयार होतं. कमी पडतात त्या दोन टोकांच्या साधारण तीस-तीस अंशांच्या पट्ट्या. चौकट, हातगाडी, बाजूनं हात करणारा ओळखीचा माणूस, सगळे तिथेच असतात.

सुईचं कोडंही इथेच सुटतं. जवळच्या वस्तूवर नजर रोखली की दोन्ही डोळे आत वळतात. त्या वस्तूच्या पलीकडची जागा तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या कानाकडच्या बाजूत पडते. निरोगी माणसाला ती दिसते, मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत नेमक्या त्याच बाजू मेलेल्या. म्हणून नेढं दिसायचं, पलीकडचं बोट नसायचं.

टेपचं गणित आणखी गमतीचं. आपल्या दोन डोळ्यांची चित्रं एकमेकांवर चढलेली असतात आणि त्या सामाईक भागाच्या आधारानं मेंदू ती जुळवून धरतो. इथे सामाईक भागच उरला नव्हता, दोन अर्धे नुसते कडेला कड लावून उभे होते. डोळे किंचित बाहेर सरकले की अर्धे एकमेकांवर चढतात आणि आकडा दोनदा दिसतो. किंचित आत सरकले की मध्ये फट पडते आणि आकडा गडप. मास्तर दोन्ही सांगत होते आणि दोन्ही खरं होतं. असं बोलणारा रुग्ण "काहीही सांगतो" म्हणून बाजूला पडतो, याचं मला वाईट वाटतं. एवढा तंतोतंत इतिहास डोळ्यांच्या ओपीडीत क्वचित मिळतो.

बायकोनं विचारलं, एवढं गेलं तर ह्यांना काळं कसं दिसलं नाही? प्रश्न रास्त होता. आपल्या डोक्यामागे आपल्याला काळं दिसत नाही, काहीच दिसत नाही. शिवाय प्रत्येक निरोगी डोळ्यात कानाच्या बाजूला साधारण 15 अंशांवर एक आंधळा ठिपका असतो, नस डोळ्यातून बाहेर पडते त्या जागी. फ्रान्समध्ये एद्म मारिओत यांनी तो 1660च्या दशकात दाखवून दिला. तोपर्यंत माणसांना त्याचा पत्ता नव्हता, कारण मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगानं भरून काढतो. बाजू हळूहळू जाते तेव्हाही हेच होतं. रुग्ण "बाजूचं दिसत नाही" असं म्हणतच नाही. तो म्हणतो, लोक अचानक समोर येतात.

आणि भिंतीवरचा तक्ता फक्त मधल्या नजरेला प्रश्न विचारतो. सहा मीटरवरचं ते शेवटच्या ओळीतलं अक्षर एका अंशाच्या बाराव्या हिश्श्याएवढं असतं. बाकीच्या दीडशे अंशांबद्दल 6/6 हा आकडा एक अक्षर बोलत नाही.

कागद, रक्त आणि एमआरआय

फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेचा घेर मोजणारी तपासणी, त्याच दिवशी केली. मशीनच्या पांढऱ्या वाटीत बघत राहायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं, एकेक डोळा स्वतंत्र. दोन्ही डोळ्यांचे कागद शेजारी ठेवले तेव्हा बाहेरच्या दोन्ही बाजू काळ्या छापून आल्या होत्या आणि काळेपणा मधल्या उभ्या रेघेवर कापल्यासारखा थांबला होता. काचबिंदूचं नुकसान आडव्या रेघेला मानतं, मेंदूच्या वाटेवरचं उभ्या. फील्डचे कागद हातात पडले की मी पहिल्यांदा हेच बघतो, बाकीचे आकडे मागाहून.

ओसीटी स्कॅनवर नसेच्या तंतूंची जाडी अजून फारशी घटलेली नव्हती. ही चांगली बातमी होती. तंतू दबलेले असतील तर दाब काढल्यावर जागे होतात, वाळून पातळ झालेले असतील तर नाही.

आता काही प्रश्न दार लावून विचारायचे होते. बायकोला बाहेर बसायला सांगितल्यावर मास्तर खाली बघून म्हणाले, दीड-दोन वर्षं तसलं काही नाही. दाढी पूर्वी रोज करावी लागे, आता दोन-तीन दिवसांनी भागतं. दुपारी मशीनवरच डुलकी लागते. वय झालं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पिट्युटरीच्या गाठीपैकी प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हॉर्मोन बनवणारी गाठ बाईला झाली तर पाळी थांबते, बाळंतपण नसताना दूध येतं, ती लवकर दवाखाना गाठते. पुरुषात लक्षणं असतात ती अशी, ज्यांबद्दल तो मित्राशीही बोलत नाही. पुरुषांच्या गाठी सापडतात तेव्हा मोठ्या असतात, त्याला हे एक कारण आहे.

शहरातल्या मेडिकल कॉलेजला पाठवताना एक ताकीद दिली. मधल्या काळात अचानक भयंकर डोकं दुखलं, उलट्या झाल्या, नजर एकदम गेली किंवा पापणी पडली तर थांबायचं नाही, थेट कॅज्युअल्टीत जायचं. गाठीत रक्तस्राव झाला की असं होतं आणि त्यात जीव जाऊ शकतो.

एमआरआयमध्ये 26 मिलिमीटरची गाठ निघाली, वर चढून चौकाला उचलून धरलेली. 10 मिलिमीटरच्या पुढे मोठी गाठ म्हणतात. रक्तातलं प्रोलॅक्टिन 1,900च्या घरात, पुरुषात ते साधारण 20च्या आत असतं. हा आकडा कधीकधी उलटाही फसवतो. अवाढव्य गाठीत प्रोलॅक्टिन इतकं असतं की तपासणीच गोंधळते आणि थोडंसंच वाढल्याचा रिपोर्ट येतो. म्हणून गाठ मोठी आणि आकडा छोटा असेल तर नमुना पातळ करून पुन्हा तपासायला सांगावं लागतं.

थायरॉइडची एक छोटी गोष्ट. थकवा येतो म्हणून मास्तरांनी काही महिन्यांपूर्वी टीएसएच करून घेतलं होतं, ते नॉर्मल होतं. पण टीएसएच ही पिट्युटरीनंच थायरॉइडला लिहिलेली चिठ्ठी आहे. चिठ्ठी लिहिणाराच आजारी असेल तर तिच्यावर विसंबता येत नाही, थायरॉइडचं स्वतःचं हॉर्मोन, टी4, बघावं लागतं. ते कमी निघालं. सकाळचं कॉर्टिसोलही (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड) काठावर होतं. तिथल्या हॉर्मोनच्या डॉक्टरांनी आधी स्टिरॉइडची छोटी गोळी सुरू केली आणि थायरॉइडची मागाहून. हा क्रम उलटा झाला तर कॉर्टिसोल आणखी कमी पडून रुग्ण कोसळू शकतो.

ऑपरेशन नव्हे, गोळी

मेंदूपाशी गाठ म्हटल्यावर घरातल्यांनी जमीन विकायची तयारी केली होती. पिट्युटरीच्या बऱ्याच गाठींना ऑपरेशन लागतं, तेही आजकाल नाकातून दुर्बिणीनं होतं. प्रोलॅक्टिनच्या गाठीचं मात्र तसं नाही. ती मोठी असली, नजर दाबत असली, तरी पहिला उपाय गोळीच असतो. कॅबरगोलिन, आठवड्यातून दोनदा, रात्री जेवणानंतर. सुरुवात पाव मिलिग्रॅमनं. नजर रोजच्या रोज ढासळत असती किंवा गोळीनं फरक पडला नसता तर ऑपरेशनचा मार्ग उघडा होताच.

गोळीनं पहिले काही दिवस मळमळतं, उठताना चक्कर येते. हृदयाच्या झडपांसाठी सुरुवातीला एक एको काढून ठेवतात. दोन गोष्टी बायकोला वेगळ्या सांगितल्या होत्या. गाठ वेगानं आकसली तर गाठीनं हाडात पाडून बुजवलेलं भोक उघडं पडू शकतं आणि मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळू लागतं, ते सर्दी समजून सोडायचं नाही. दुसरं म्हणजे या औषधानं काही जणांचा स्वतःवरचा ताबा सुटतो. नवरा एकाएकी ऑनलाइन रमीत पैसे घालवू लागला, भरमसाट खरेदी करू लागला, तर त्याला बोल न लावता आम्हाला कळवायचं. ती हसली. नंतरच्या प्रत्येक भेटीत मात्र मोबाइलमधले व्यवहार तपासल्याचं आवर्जून सांगायची.

नजरेत फरक पहिल्या पंधरवड्यातच पडू लागला. लाल टोपण बाहेरच्या बाजूला आधी मातकट, मग विटकरी, मग लाल. तीन महिन्यांनी एमआरआयमध्ये गाठ निम्म्याहून लहान झाली होती आणि चौक तिच्यावरून मोकळा झाला होता. प्रोलॅक्टिन 40वर आलं. डाव्या डोळ्याचं फील्ड जवळजवळ भरून आलं. उजव्याच्या बाहेरच्या बाजूचा वरचा कोपरा अजून राखाडी आहे आणि ओसीटीत तिथले तंतू थोडे पातळ झालेत, त्यामुळे तो पूर्ण परतेल असं मी त्यांना सांगितलेलं नाही. दाढी पुन्हा रोजची झाली, हे मास्तरांनी न विचारता सांगितलं.

सुई ते ओवतात. टेपचे आकडे आता सरकत नाहीत, तरी कापड कापण्याआधी पोऱ्याकडून माप पुन्हा वाचून घेण्याची सवय त्यांनी ठेवली आहे. दुकानात मशीन फिरवून घेतलं, गिऱ्हाईक आता समोरून येतं.

गोळ्या किती दिवस, हा त्यांचा दर वेळचा प्रश्न. निदान दोन वर्षं, आणि त्यानंतरही प्रोलॅक्टिन नॉर्मल आणि गाठ एमआरआयवर दिसेनाशी झाली असेल तरच कमी करून बघायचं. एवढ्या मोठ्या गाठीत बंद केल्यावर ती पुन्हा वाढण्याची शक्यता असते, त्यामुळे ठरावीक काळानं रक्त आणि फील्ड चालू राहणार. मोटारसायकलीला मी अजून होकार दिलेला नाही. पुढची फील्ड टेस्ट याच्याइतकीच किंवा याहून बरी आली तर दिवसाउजेडी, गावातल्या गावात चालवायला हरकत नसेल. तोवर मुलगा दुकानापर्यंत सोडतो आणि मास्तर त्याच्या वेगाबद्दल माझ्याकडे तक्रार करतात.